सेंट्रल आव्हेन्यूची रानभाषा

आर्डेला प्रुइट अठरा वर्षांत एकवीस वेळा आफ्रिकेत गेली आणि दर वेळी दिवेलागणीच्या आत घरी परत आली.

तिची आफ्रिका शहराबाहेर तासाभराच्या अंतरावर होती. एक तळं, त्याच्या काठाने मूळची चारदोन ताडाची झाडं, आणि बाकीचं जंगल लाकडी पिंपांत लावलेलं. पिंपांना खाली चाकं होती. सकाळी जे जंगल डाव्या हाताला असे, तेच दुपारी ढकलत उजव्या हाताला नेत आणि तिथे दुसरा देश होई. वेली रबराच्या होत्या आणि उन्हात तापल्या की त्यांना जळक्या टायरचा वास येई.

तिथे जाणारी बस पहाटे पाचला काळ्या लोकांच्या वस्तीतल्या सेंट्रल आव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, न्हाव्याच्या दुकानापुढे उभी राहायची. दारात टॉलिव्हरभाऊ यादी घेऊन उभे असायचे. रविवारी ते चर्चमध्ये गाणाऱ्यांचे प्रमुख, आणि एरवी छोट्या फिल्म कंपन्यांना माणसं पुरवणारे. ‘उद्या चाळीस रानटी पाठवा’ असा फोन आला की ते आपल्या गाणाऱ्यांपासूनच सुरुवात करत.

“काय गं डेला, भाला आणलास का घरून?” ते विचारायचे.

“माझी जीभ आणलीय ना भाऊ. भाल्याची काय गरज?”

एरवी आर्डेला लाँड्रीत शर्टांना इस्त्री करायची. नवरा रेल्वेच्या खाण्याच्या डब्यात वाढपी होता, तो जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा रेमंड ओकलंडला गोदीत नोकरीला. जंगलाचं काम लागलं की ती लाँड्रीत पोट दुखत असल्याचा निरोप धाडायची. तिच्या पोटाला काय रोग आहे, असा प्रश्न मालकिणीला अठरा वर्षं पडलेला होता.

मुळात आर्डेलाला सगळ्यात मोठी खोड होती ती विचारण्याची. तळ्यावर पहिल्यांदा हत्ती आला तेव्हा त्याच्या कानांना रबराचे मोठे कान चिकटवताना तिने पाहिलं आणि सरळ जाऊन विचारलं, की हे कशाला? हत्तीवाला म्हणाला, “हा हिंदुस्थानचा आहे. आफ्रिकेच्याचे कान मोठे असतात.” यावर तिने, मग त्याला ऐकू जास्त येतं का, असं विचारलं. हत्तीवाल्याने तिला तिथून घालवून दिलं.

भाषेचं खूळ सुरू झालं ते पहिल्याच दिवशी, एकतीस साली. दिग्दर्शकाने कर्ण्यातून सांगितलं, “ओरडत या. जंगली भाषेत.”

“म्हणजे काय ओरडायचं, साहेब?” टॉलिव्हरभाऊंनी विचारलं.

“काहीही. तोंडाला येईल ते. फक्त इंग्रजी नको.”

मग काय! कुणी बायबलमधली नावं उलटी म्हटली, कुणी आपल्या बुटाचं माप. आर्डेलाच्या शेजारी राहणाऱ्या लव्ही टेटने वाण्याची यादी अशा काही आवेशात म्हटली, की कॅमेऱ्यामागचा माणूस दचकला. सगळे परतीच्या बसमध्ये पोट धरून हसत होते. आर्डेला मात्र खिडकीशी गप्प बसून होती.

“काय झालं गं?” लव्हीने विचारलं. “भाला टोचला का कुठे?”

“सकाळी त्या सरदाराने पाणी मागितलं तेव्हा एक म्हणाला. दुपारी मागितलं तेव्हा दुसरंच म्हणाला. मग या लोकांना पाणी मिळतं तरी कसं?”

“अगं बाई, पडद्यावर पाणी कोण पितंय?”

“पण त्यांना तहान लागत असेलच ना.”

लव्ही आयुष्यभर हे वाक्य सगळ्यांना सांगत फिरली. पण पुढल्या खेपेला आर्डेलाने बसमध्ये सगळ्यांना सांगितलं, की आजपासून पाण्याला ‘माविल’ म्हणायचं. विल्माबाईंचा नळ वर्षानुवर्षं गळतो, त्यांचं नाव उलटं केलं की झालं. सिस्टर डोराथाच्या मिरचीच्या चटणीने डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून आग म्हणजे ‘थाराडो’. कधीही, न विचारता, जेवायच्या वेळीच येऊन टपकणारी केझाया, तिच्यातला शेवटचा ‘या’ गाळून उरलेलं उलटं, म्हणून ‘ये’ म्हणजे ‘झाके’. सिंहाला घरमालकाचं नाव दिलं. तेही उलटं, नाहीतर कोर्टात गेला असता.

लोकांनी आधी तिची चेष्टा केली. मग लोकांना ते आवडलं. मग तर असं झालं, की नवा माणूस बसमध्ये चढला आणि त्याला ‘झाके’ येत नसलं, की मागच्या बाकावरून आवाज यायचा, “अरे, कुठल्या जंगलातून आलास?” शब्द एका सिनेमातून दुसऱ्या सिनेमात गेले. कंपन्या बदलल्या, जंगलची राणी होणाऱ्या गोऱ्या नट्या बदलल्या, एका राणीचं लग्न झालं, एकीचं मोडलं. टोळीची भाषा तीच राहिली. आर्डेलाने ती एका वहीत लिहून ठेवली होती, आणि एकोणपन्नास सालापर्यंत तीत दोनशे बारा शब्द झाले होते. कंपनीतल्या एकाही गोऱ्याला याचा पत्ता नव्हता. त्यांच्या लेखी ती सगळी बडबडच.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये चर्च सुटल्यावर टॉलिव्हरभाऊंनी तिला पायऱ्यांवर गाठलं.

“डेला, मंगळवारी जंगल आहे. दोन दिवस. ‘ज्वालादरीची राणी’. पण या खेपेला एक भानगड आहे.”

“कसली?”

“त्यांना पोस्टरवर ‘अस्सल आफ्रिकी भाषा’ असं छापायचंय. म्हणून विद्यापीठातून एक मुलगा बोलावलाय शिकवायला. खराखुरा तिकडचा. आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टचा.”

आर्डेलाने हातातला पंखा मिटला. “मग आपली?”

“आपली काय? तो येईल, ऐकेल, आणि कंपनीला सांगेल की हे सगळं…” टॉलिव्हरभाऊंनी वाक्य पुरं केलं नाही. भला माणूस.

दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. शब्द जातील याचं वाईट वाटत होतंच. पण त्याहून एक भीती मोठी होती. तो मुलगा तिकडचा. ज्यांच्या तोंडी आपण अठरा वर्षं विल्माबाईचा नळ घातला, त्यांच्यातला. तो ऐकेल आणि हसेल. आणि त्याचं हसणं बरोबरच असेल. लव्ही म्हणाली, “हसला तर हसला. आपण काय त्याच्या आजीला शिव्या दिल्यात?” आर्डेला म्हणाली, “तेच तर ठाऊक नाही ना मला. दिल्याही असतील.”

आणि तरीही, मंगळवारी पहाटे बसमध्ये चढताना तिला त्याला बघायची इतकी उत्सुकता होती, की तिने चर्चची टोपी घातली होती.

मुलगा तळ्याकाठी खुर्चीवर बसला होता. करडा सूट, टाय, मांडीवर पुस्तकं. वय चोविसाच्या आसपास, हाडं दिसतील इतका बारीक. आर्डेलाच्या मनात पहिला विचार आला तो हा, की याला इथे जेवायला कोण घालतं? नाव कोबिना एसिल्फी. शिकत होता मातीबद्दल, कुठल्या मातीत काय पिकतं ते. भाषा शिकवायला त्याला बोलावलं ते केवळ तो तिकडचा म्हणून.

त्याने सगळ्यांना उभं करून आपल्या भाषेतली सहा वाक्यं शिकवली. तासाभरात चाळीस जणांनी ती पाठ केली, कारण गाणारी माणसं होती, कान तयार होता. शब्द मऊ होते, वरखाली हेलकावे घेणारे. आर्डेलाला वाटलं, नावेत बसल्यासारखं वाटतंय. तिने आपल्या शब्दांना मनातल्या मनात निरोपही देऊन टाकला. खरं ते खरं.

मग दिग्दर्शक क्रॅनमर आले. हा माणूस वाईट नव्हता, घाईत होता. जन्मभर घाईत. सहा दिवसांत सिनेमा पुरा करायचा आणि एक प्रसंग एकदाच घ्यायचा, असा त्यांचा नियम. फिल्म महाग. कुणाचा टोप पडला, कुणाचा भाला वाकला, तरी पुढे चला. एका सिनेमात मनगटी घड्याळ घातलेला रानटी तसाच राहून गेला होता, आणि सेंट्रल आव्हेन्यूवर त्याला पुढे सगळे ‘किती वाजले?’ म्हणूनच हाक मारत.

क्रॅनमरनी ती सहा वाक्यं ऐकली. तोंडातला चिरूट काढला.

“हे काय आहे?”

“फँटी, सर,” कोबिना म्हणाला. “माझी मातृभाषा.”

“छान आहे. पण आफ्रिकेची वाटत नाही. फार गोड आहे. गाणं म्हटल्यासारखं.” ते टॉलिव्हरभाऊंकडे वळले. “पोरांनो, तुम्ही नेहमीचं करता ना, तेच करा. ते कसं एकदम अस्सल वाटतं.”

कुणी हसलं नाही. चाळीस माणसं जमिनीकडे बघत उभी राहिली. आर्डेलाची भाषा जिंकली होती, आणि तिला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

जेवणाच्या सुट्टीत कंपनीची पाकिटं आली. पावाचे दोन तुकडे, एक उकडलेलं अंडं आणि संत्रं. कोबिना एका पिंपाच्या सावलीत एकटाच बसला होता. आर्डेलाने घरून आणलेली तळलेली कोंबडी आणि मक्याचा पाव घेतला आणि त्याच्यासमोर जाऊन बसली. चर्चच्या टोपीखाली, अंगावर गवताचा झगा.

“आधी हे खा. मग मला काय बोलायचंय ते बोलते.”

त्याने मुकाट्याने खाल्लं. खरंच उपाशी होता. मग हात पुसून म्हणाला, “मिसेस प्रुइट, ‘नेहमीचं’ म्हणजे काय?”

तिने वही काढून दिली आणि दुसरीकडे बघत बसली. तो एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होता. पानं उलटल्याचा आवाज येत होता. शेवटी तिला राहवलं नाही.

“हसायचं असेल तर हस बाबा. मी तयारीने आलेय.”

“हे तुम्ही एकटीने केलंत?”

“शब्द माझे. बोललो सगळे.”

“सिंहाचा शब्द कुठून आला?”

तिने घरमालकाची गोष्ट सांगितली. तेव्हा तो हसला. असा हसला की पुस्तकं मांडीवरून घसरली, आणि ती घाबरली होती तसलं ते हसणं नव्हतं. तीही हसायला लागली. तो म्हणाला, “आमच्या गावात एका ओढ्याला एका कंजूष सावकाराचं नाव आहे. वर्षात दोनच महिने वाहतो.”

“खरं?”

“खरं. भाषा अशाच होतात, मावशी.” मग जरा ओशाळला. “आमच्याकडे तुमच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारत नाहीत. चालेल ना?”

“आमच्याकडेही नाही मारत,” आर्डेला म्हणाली. “साहेब लोक मारतात.”

तो पुन्हा वहीत डोकावला. आता त्याचा चेहरा अभ्यासाला बसलेल्या मुलासारखा झाला होता. “मारण्याला सात शब्द आहेत.”

“लागतात. दर सिनेमात मारामारी असते.”

“‘बाळ’ कुठे आहे?”

ती थांबली. “बाळ कधी लागलं नाही.”

“‘निजा’? ‘भूक’? ‘शेजारी’?” तो उलटसुलट पानं चाळत होता. “आणि ‘नको’? ‘नको’ला काय म्हणतात?”

आर्डेलाने वही त्याच्या हातातून घेतली. तिला माहीत होतं, तरी तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. अठरा वर्षांत एकाही सिनेमात एकाही रानट्याला कुणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे नको म्हणायची वेळच आली नव्हती.

“मावशी,” कोबिना हळूच म्हणाला, “या लोकांना घरी कुणीच नाही का?”

त्याच दुपारी क्रॅनमरनी दुसऱ्या दिवसासाठी म्हातारी निवडली. केस पिकलेले म्हणून आर्डेला. टोळीच्या सरदाराच्या मुलाला ज्वालामुखीला बळी द्यायला नेतात, वाटेत त्याची म्हातारी आई दिसते. मुलाचं काम युलिसकडे होतं, पेट्रोल पंपावरचा सव्वीस वर्षांचा दांडगा गडी. क्रॅनमरनी कागदावरची ओळ वाचून दाखवली: म्हातारी किंचाळते.

“काय म्हणून किंचाळते, साहेब?” आर्डेलाने विचारलं.

“म्हणून? नुसती किंचाळते.”

“पण त्याला काही म्हणत असेल ना? पोटचा आहे.”

“आर्डेला, उद्या मला दिवसभरात पटकथेची एकोणीस पानं संपवायचीयत. किंचाळ. छान किंचाळ. झालं.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसमध्ये तिने सगळ्यांपुढे प्रश्न टाकला. ती ड्रायव्हरमागच्या दांडीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “मला आज एक शब्द पाहिजे. ‘नको जाऊ.’ ज्याने त्याने आपल्या आईचं सांगा. तुमची आई कसं म्हणायची?”

मग जी काही बस पेटली!

“माझी आई ‘जा जा’ म्हणायची,” मागून कुणीतरी म्हणालं. “‘जा, जा. बघ मग.’ कुणाची टाप होती जायची!”

“माझी नुसती बघायची,” लव्ही म्हणाली. “चष्म्यावरून. अजून स्वप्नात बघते.”

“माझ्या आईचं नाव ओडेसा,” टॉलिव्हरभाऊ म्हणाले. “तिच्या घरातून न जेवता कुणी गेलं नाही. ओडेसा उलटं करा, साडेओ. झाला शब्द.”

“वा! सगळ्यांनी तुमच्याच आईचं नाव घ्यायचं होय? माझ्या आईने अकरा वाढवली.”

“तुझ्या आईने वाढवली? रस्त्यावर वाढलात तुम्ही! माझ्या घरी जेवायचात!”

“आईवर जायचं नाही हं, सांगून ठेवतो!”

“विषयच आईचा आहे रे!”

युलिस खिडकीशी बसला होता, तो एवढंच म्हणाला, “माझी काही बोलत नाही. दारात बसते. म्हणते, जा ओलांडून.”

चाळीस आया होत्या बसमध्ये, आणि एकही मागे हटायला तयार नव्हती. वाद एवढा रंगला की ड्रायव्हरनेही मध्ये तोंड घातलं. “आणि डेला, तू काय म्हणालीस, रेमंड लढाईवर गेला तेव्हा?” लव्हीने विचारलं.

“स्टेशनवर ना? ‘डबा घेतलास का’ म्हणाले.”

“एवढंच?”

“एवढंच निघालं.”

रेमंड परत आला होता, एका कानाने अधू होऊन, पण आला होता. ते सगळ्यांना माहीत होतं. आणि तेवढ्यात तळं आलं, आणि शब्द राहिलाच.

प्रसंग दुपारी लागला, ऊन कलायच्या बेताला. पिंपांतलं जंगल दोन बाजूंना लावून मधून पायवाट केली होती. चाळीस जण भाले घेऊन, ढोल बडवत युलिसला घेऊन यायचे, हात बांधलेले. वाटेच्या कडेला म्हातारी. ती किंचाळणार, मिरवणूक तिच्यावरून पुढे जाणार, आणि मग दोन पानांनंतर गोरी राणी वेलीला लोंबकळत येऊन मुलाला सोडवणार. कोबिना कॅमेऱ्यामागे उभा होता. त्याचं काम कालच संपलं होतं. का आला, कुणी विचारलं नाही.

“चालू!” क्रॅनमर ओरडले.

ढोल सुरू झाले. धूळ उडाली. आर्डेला कडेला उभी होती आणि तिला युलिस येताना दिसत होता, घामाने चकाकणारा, मान खाली. मागून भाले. तिने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की किंचाळायला येत नाहीये. किंचाळून कुठली आई पोराला थांबवते? परक्याला घाबरवायचं झालं तर किंचाळतात.

ती वाटेच्या मधोमध गेली आणि बसली. गवताच्या झग्यासकट, पाय पसरून, दारात बसावं तशी.

युलिस दगडासारखा थांबला. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं. त्याच्या मागचे त्याच्यावर आदळले, त्यांच्या मागचे त्यांच्यावर, आणि मग ढोल एकेक करत बंद पडले.

“चला!” क्रॅनमर कर्ण्यातून ओरडले. “पुढे चला! ओलांडा तिला!”

एकही पाय उचलला गेला नाही. ती माणसं मारामारीला तयार होती, तळ्यात पडायला तयार होती, मागे एकदा खऱ्या मगरीच्या शेजारून पळाली होती. पण बसलेल्या म्हाताऱ्या बाईला ओलांडायचं? घरी काय तोंड दाखवायचं?

कॅमेरा चालूच होता. आर्डेलाने वर युलिसकडे पाहिलं. दोनशे बारा शब्दांत तिला हवा तो नव्हता. होते त्यातलेच तिने घेतले. हात पुढे केला आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाली, “झाके. माविल. झाके.”

ये. पाणी. ये.

कुणीतरी भाला खाली टेकवला. मग दुसऱ्याने. युलिस गुडघ्यांवर बसला, बांधलेल्या हातांनी, तिच्यासमोर. हे कागदावर कुठेच नव्हतं.

क्रॅनमरनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, मग ‘कट’ म्हणण्याऐवजी मागे वळून कुजबुजले, “राणीला सोडा! आत्ता सोडा!” वेलीवरून राणी आली, दोन पानं आधी, बिबळ्याच्या कातड्यात, एका पायात सपात तशीच राहिलेली. युलिसची दोरी कापली. पळाले. कट.

“पुढची दोन पानं गेली,” क्रॅनमर म्हणाले आणि खरोखरच ती दोन पानं टराटरा फाडून खिशात घातली. दुसऱ्यांदा घेण्याचा प्रश्नच नव्हता. रागावले का, तर तेवढाही वेळ त्यांच्याकडे नव्हता. फक्त जाता जाता कोबिनाला म्हणाले, “तू भाषेवाला ना? काय म्हणाली ती म्हातारी?”

“पाणी प्यायला ये म्हणाली, सर.”

“हॅ! ज्वालामुखीला निघालेल्याला?”

“माझी आई बंदरावर एवढंच म्हणाली होती,” कोबिना म्हणाला. “गोष्ट पाण्याची नव्हती.”

क्रॅनमर तोवर पुढच्या जंगलाकडे निघून गेले होते.

आर्डेला अजून वाटेतच बसली होती. गुडघे धरले होते. कोबिनाने हात देऊन तिला उठवलं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, हसतोय का म्हणून. तो हसत नव्हता. तिच्या झग्याचं गवत झटकत होता, एकेक काडी, सावकाश.

“तुमच्याकडे बाळाला काय म्हणतात?” तिने विचारलं.

त्याने सांगितलं. तिने दोनदा म्हणून पाहिलं. मग तिने ‘भूक’ विचारलं, आणि ‘शेजारी’. चाकं लावलेलं जंगल त्यांच्या अंगावरून ढकलत नेलं, तरी दोघं बाजूला व्हायचे आणि पुन्हा सुरू करायचे. शेवटी टॉलिव्हरभाऊंना बसमधून ओरडावं लागलं, “डेला, आफ्रिका बंद झाली, घरी चल!”

सिनेमा नोव्हेंबरात लागला. पोस्टरवर ‘अस्सल आफ्रिकी भाषा’ छापलं होतंच. सेंट्रल आव्हेन्यूवरच्या थिएटरात शनिवारी सगळी बस सज्जात बसली होती, घरच्यांसकट. कोबिनाला मध्ये बसवलं होतं आणि तीन बायका तीन बाजूंनी त्याला खायला देत होत्या. जंगलाच्या सिनेमाला तिथे कुणी गप्प बसत नसे. “ए, तो बघ माझा मेहुणा, मेला बघ!” “मागच्या सिनेमात पण पहिला मेला होता!” “अरे, ते झाड मघाशी तिकडे होतं ना?” हिंदुस्थानी हत्तीचा डावा कान लोंबत होता, त्याला टाळ्या पडल्या.

मग ती वाट आली. पडद्यावर आर्डेला मधोमध बसली, आणि सज्जा गप्प झाला.

मुद्दाम कुणी गप्प झालं नाही. झालं खरं. पडद्यावर चाळीस माणसं थांबली, थिएटरात चारशे. तिचा हात पुढे झाला. “झाके. माविल. झाके.” आवाज स्पष्ट होता. आवाजाचे यंत्रवाले ढोल घालायचे विसरले होते, किंवा वेळ मिळाला नव्हता.

लगेच पुढच्या चित्रात झुडपाआडून टोपीवाला गोरा शिकारी दिसला. तो त्याच्या मदतनिसाला म्हणाला, “सावध! म्हातारी भयंकर शाप देतेय.”

क्षणभर सज्जात कुणाला काही समजलंच नाही. मग लव्हीचं हसू फुटलं. तिच्यामागे टॉलिव्हरभाऊ, मग युलिस, त्याची आई, मग सगळी रांग. खालचे लोक वळून वर बघायला लागले की यात हसण्यासारखं काय आहे. एका ओळीत दहा जण एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होते आणि काही जण डोळे पुसत होते. कोबिना दोन्ही हातांनी तोंड दाबून पुढे वाकला होता, आणि या खेपेला आर्डेलाला त्याच्या हसण्याची जराही भीती वाटली नाही.

पुढच्या रांगेतल्या एका अनोळखी बाईने मागे वळून रागाने विचारलं, “अहो, काय म्हणाली ती म्हातारी? आम्हालाही सांगा.”

लव्हीला बोलताही येईना. तिने आपल्या हातातली संत्र्याच्या सरबताची बाटली तशीच आर्डेलापुढे धरली. आर्डेलाने ती घेतली, एक घोट प्यायली, आणि बाटली पुढच्या रांगेतल्या त्या बाईला दिली. बाईने आधी बाटलीकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. पडद्यावर कुठल्यातरी दुसऱ्याच सिनेमातला ज्वालामुखी फुटत होता.

“अगं बाई,” ती म्हणाली, “तूच की ती!” आणि प्यायली.